नाकारलेला आवाज

मतलवी, ६ नोव्हेंबर

लझहर,

हे पत्र आईच्या सांगण्यावरून लिहिते आहे. माझ्यावर असतं तर लिहिलं नसतं, हे आधीच सांगून टाकते. उगाच गैरसमज नको.

जूनपासून तुझा फोन नाही. तुझा नंबर लावला की एक बाई गोड आवाजात सांगते, हा नंबर आता वापरात नाही. तरी आई दर शुक्रवारी नमाज झाली की फोन मांडीवर घेऊन बसते. मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. तुझे फोन यायचे तेव्हाही जायचे, तीच सवय राहिली आहे. काल ती म्हणाली, "एवढी शिकलेली तू, भावाला चार ओळी लिहिता येत नाहीत?" म्हणून कसर हलाल शहरातल्या तुझ्या कापड कारखान्याच्या पत्त्यावर धाडते आहे. तू तिथल्या स्टोअरचा साहेब, तुझ्या टेबलापर्यंत पोहोचेल अशी आशा.

आईचा डावा डोळा जवळजवळ गेला. उजव्याने भागतं. कान मात्र असे झालेत की शेजारच्या घरात चहात साखर ढवळली तरी हिला कळतं. पाणी दोन दिवसांआड येतं. खाणीतल्या फॉस्फेटची धूळ आहे तशीच आहे, वाळत घातलेली चादर दुपारपर्यंत राखाडी होते. शाळा ठीक. या वर्षी माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे, एकतीस मुलं. त्यातली अर्धी माझं डोकं खातात आणि उरलेली झोपतात.

बाबांच्या कबरीचा चौथरा बांधून घेतला. तुला विचारलं नाही. त्या मार्चमध्ये जाण्याआधी बाबा दोन दिवस दाराकडे बघत पडून होते आणि तू फोनवर म्हणालास, "कामावरून सुट्टी मिळत नाही." तीन वर्षं होत आली. त्यावर मी तुला जे बोलले, त्यातला एक शब्दही मागे घेतलेला नाही.

आईला फोन कर. माझ्याशी बोलायची गरज नाही.

नझीहा


मतलवी, २९ नोव्हेंबर

लझहर,

पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टमनने आडव्या अक्षरात खरडलंय, 'कारखाना बंद'. कधीपासून, ते लिहिलेलं नाही. आईला मी सांगितलं, पत्र पोहोचलं असणार, तुला कामातून वेळ मिळत नसेल. तुझ्यासाठी खोटं बोलायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

हे पत्र कुठे धाडायचं माहीत नाही. टेबलाच्या खणात ठेवणार आहे. कुणी वाचणार नाही म्हटल्यावर खरं लिहायला हरकत नाही. माझ्याकडे तिसरीचा वर्ग नाही. कुठलाच नाही. अकरा वर्षं मी बदली शिक्षिका म्हणून राबले. कुणी बाळंत झाली, कुणी हजला गेलं, कुणाचे गुडघे धरले की नझीहाला बोलवा. सप्टेंबरमध्ये बोलावणं आलं नाही. मुख्याध्यापकांकडे गेले तर ते म्हणाले, "वरून यादी आली, ताई. तुमचं नाव नाही. मी काय करू?" माझी लाल पेनं अजून पिशवीत आहेत.

ही गोष्ट गावात फक्त हयातला माहीत आहे. माझ्याबरोबर शाळेत होती ती. तिनेच मला मोबाईलवरचं काम दाखवलं. कुठल्याशा परक्या देशातल्या लोकांना आपली, गफसाच्या बाजूची बोली यंत्राला शिकवायची आहे. काही माणसं घरी बसून वाक्यं वाचतात आणि आवाज पाठवतात. माझ्यासारखी माणसं ते ऐकतात. शब्द बरोबर आहेत का, मागे गोंगाट आहे का, बघायचं. ठीक असेल तर हिरवं बटण, नसेल तर लाल. हिरव्याचे पैसे बोलणाऱ्याला मिळतात, लालचे नाहीत. मला दोन्हीचे मिळतात, म्हणजे पूर्ण दिवस ऐकलं तर संध्याकाळचा पाव, तेल आणि आईची गोळी निघते. पैसे परदेशात, लियोंला राहणाऱ्या मामाच्या मुलीच्या, सुआदच्या खात्यात येतात, ती इकडे पाठवते. पाठवताना प्रत्येक वेळी विचारते, "एवढ्यासाठी एवढा वेळ घालवतेस?" हो बाई, घालवते.

खरं सांगू? मला ते आवडायला लागलं आहे. सकाळी आवरून, केस बांधून, शाळेत जायचा काळा कोट घालून मी टेबलाशी बसते. बटण दाबलं की पुन्हा हातात लाल पेन आल्यासारखं वाटतं. पहिल्या आठवड्यात मी फार हिरवं दाबलं, तर वरून निरोप आला की मी ढिली आहे, नीट तपासा नाहीतर काम बंद. तेव्हापासून मी कडक झाले. आता माझ्या नावापुढे एक पिवळा तारा आहे. हयात म्हणते, "तू तर इन्स्पेक्टर झालीस गं!"

बोलणाऱ्यांची नावं दिसत नाहीत, क्रमांक दिसतात. एक म्हातारी आहे, प्रत्येक वाक्याआधी बिस्मिल्ला म्हणते. एक मुलगी खुदकन हसते. आणि एक माणूस आहे, क्रमांक ३८१६, त्याने माझा जीव नकोसा केला आहे. अर्ध्या वाक्यात खोकतो. "उद्या सकाळी बस" म्हणतो, खोकतो, "सुटेल" म्हणतो. मागे कसलंतरी यंत्र घरघरतं. नियम स्पष्ट आहे, म्हणून लाल. तो तेच वाक्य पुन्हा वाचून पाठवतो, पुन्हा खोकतो, पुन्हा लाल. काल एका दिवसात त्याची चाळीसेक वाक्यं परत केली असतील. इतकं आजारी असेल माणूस तर दुसरं काही का करत नाही?

तू कुठे आहेस?

न.


मतलवी, १७ डिसेंबर

लझहर,

आज जे झालं ते मी कागदावर मांडते आहे, कारण काहीतरी करायला हवं.

माझ्या इयरफोनची तार तुटली होती. म्हणून मोबाईलचा आवाज मोठा करून स्वयंपाकघरात बसले. आई समोर चटईवर मसूर निवडत होती. डोळ्याने दिसत नाही, बोटांनी खडे काढते. ३८१६ ची वाक्यं आली. तो वाचत होता, "आठवडी बाजारात टोमॅटो स्वस्त झाले," आणि खोकला.

आईचे हात थांबले.

"पुन्हा लाव."

"काम आहे गं आई, असं पुन्हा पुन्हा..."

"पुन्हा लाव म्हणते ना!"

लावलं. टोमॅटो स्वस्त झाले, खोकला.

"हा लझहर आहे."

"आई, हा देशातला कुणीही असेल. यंत्रासाठी वाचतात ही माणसं. वाक्यं त्यांची नसतात."

"वाक्य नसेल त्याचं. गळा त्याचाच आहे. मी जन्म दिला त्याला, तुझ्या यंत्राने नाही." मग म्हणाली, "तुझ्या बाबांसारखा खोकायला लागला की गं. किती वेळा सांगितलं होतं त्याला, कारखान्यातल्या त्या कापड धुलाईच्या शेडमध्ये जाऊ नकोस, तीन वर्षांत छाती भरेल." आणि मग, "विचार त्याला, जेवला का."

"विचारता येत नाही, आई. तो बोलतो, मी फक्त ऐकते."

"मग ऐकत का नाहीस? त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत तुझं बोट लाल बटणावर जातं."

मला वाटत होतं तिला लाल-हिरवं दिसत नाही. उजव्या डोळ्याने तेवढं दिसतं तिला.

"लाल म्हणजे काय असतं?" तिने विचारलं.

"लाल म्हणजे ऐकून झालं," मी म्हणाले.

ती पुन्हा मसूर निवडायला लागली. तू बोलत राहिलास. औषध दिवसातून दोनदा घ्या. माझी मुलगी पाचवीत शिकते. पुढचं स्टेशन कुठलं? सगळी दुसऱ्या कुणी लिहिलेली वाक्यं, आणि आई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. "पाचवीत? मग रहमा मोठी झाली की," तुझ्या मुलीचं नाव घेऊन म्हणाली.

मी सगळ्यांवर हिरवं दाबलं. आजपासून सगळ्यांवर हिरवं.


मतलवी, २२ डिसेंबर

लझहर,

आता ते वाक्यं देत नाहीत, विषय देतात. त्यावर दोन-तीन मिनिटं मनाने बोलायचं. मी ऐकून शब्द न् शब्द टाइप करायचा. इतकी माणसं आहेत इथे तपासणारी, पण आपल्या बाजूची बोली कळणारी फार थोडी. म्हणून तू फिरून फिरून माझ्याकडेच येतोस.

पहिला विषय होता, 'तुमच्या घरी कसं यायचं ते सांगा'. तू सांगितलंस. कसर हलालच्या गाडीतळावरून खाली उतरा, रंगाऱ्यांच्या कारखान्याच्या मोठ्या चिमणीकडे चला, तिच्या मागे निळ्या दाराचं हमाम, न्हाणीघर आहे, त्यालगतच्या घरात जिन्याखाली माझी खोली आहे, घरमालकीण सालहा काकू, तिला सांगितलं की ती चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. बायको-मुलीचं नाव घेतलं नाहीस. जिन्याखालच्या खोलीत तिघं मावत नाहीत, एवढं मला कळतं.

घरघर कसली तेही कळलं. हमामच्या पाण्याचा पंप.

दुसरा विषय होता, 'कुठेतरी उशिरा पोहोचलात असा एखादा प्रसंग सांगा'. लोक परीक्षेचं सांगतात, लग्नाचं सांगतात. तू म्हणालास, "मी पोहोचलोच नाही. चालेल का?" आणि हसलास. मग जे बोललास ते मी टाइप केलं आहे. ते तुला परत सांगायची गरज नाही, पण मला एकदा माझ्या हाताने लिहायचं आहे.

तू म्हणालास, कारखाना बंद होऊन चार महिने झाले होते. घरी सांगितलं नव्हतं. बाबा गेल्याचं कळलं तेव्हा भाड्यापुरते पैसे मागून आणले आणि गफसापर्यंत आलास. गाडीतळावर मतलवीची गाडी उभी होती. मामाची मुलं टपावर मेंढा बांधत होती, कुसकुसच्या रव्याची पोती चढवत होती, आपल्याच घरी न्यायला. तू थोरला मुलगा. लोक तुझ्याकडे बघणार, जेवणावळ तू घालणार, कबर खणणाऱ्यांच्या हातावर तू ठेवणार. खिशात परतीचं भाडंसुद्धा नव्हतं. तू चहाच्या टपरीमागे उभा राहिलास. गाडी भरली, सुटली. दुसरी लागली, तीही सुटली. संध्याकाळी तू ट्रकवाल्याच्या पाया पडून परत गेलास. तिथून मला फोन केलास.

"तिला म्हणालो, सुट्टी नाही मिळाली. सुट्टी नाही म्हटलं की निदान नोकरी आहे असं तरी वाटतं ना," तू म्हणालास. "ती म्हणाली, मालकालाच बाप म्हण, आणि बापाच्या दारात पुन्हा उभा राहू नकोस. माझी बहीण शिक्षिका आहे. सगळं तिने एकटीने निभावलं. तिचा राग खरा आहे."

नियम आहे की ऐकू येईल ते जसंच्या तसं टाइप करायचं. मी टाइप केलं. तिचा राग खरा आहे. पूर्णविराम.

ओळखीच्या कुणालाही जे सांगता आलं नाही ते तू परक्या देशातल्या यंत्राला सांगितलंस, तेही एका पावाच्या पैशांसाठी. आणि ते ऐकायला मीच बसले होते.

आईला हे ऐकवलं नाही. ती विचारते, "आज बोलला का?" मी म्हणते, "हो, घराचा रस्ता सांगत होता." ती खूश होते.


मतलवी, ८ जानेवारी

३८१६ येईनासा झाला. आधी वाटलं तू आजारी आहेस. मग हयातने सांगितलं, ज्याची नाकारलेली वाक्यं ठरावीक आकड्याच्या वर जातात त्याचं खातं आपोआप बंद होतं, महिनाअखेरीला हिशेब होतो. शेवटच्या पंधरा दिवसांतलं माझं हिरवं कामी आलं नाही. आधीचं लाल फार होतं.

मी त्या लोकांना लिहिलं. आयुष्यात कुणाला इतकं नम्र पत्र लिहिलं नसेल. लिहिलं की चूक माझी आहे, आवाज स्वच्छ होता, शब्द बरोबर होते, खोकला म्हणजे गोंगाट नव्हे. उत्तर आलं की निर्णय बदलता येत नाही, कळवल्याबद्दल आभार. मग मी मूर्खासारखं खरं सांगितलं की तो माझा भाऊ आहे. त्यावर एका तासात उत्तर आलं. तपासणाऱ्याने ओळखीच्या माणसाचं काम तपासणं नियमात बसत नाही. माझंही खातं बंद झालं. तारा गेला.

त्याचं दुःख नाही असं लिहिणार होते. पण आहे. उद्या सकाळी मी काळा कोट घालून कुठे बसू?

आईच्या कानातल्या रिंगा विकायच्या का म्हणून ती स्वतःच म्हणाली. मी नाही म्हटलं. हयातकडून प्रवासापुरते घेतले आहेत. तू सांगितलेला रस्ता माझ्याकडे टाइप केलेला आहे. शनिवारी निघते.


मतलवी, १५ जानेवारी

लझहर,

चिमणी दिसली. निळ्या दाराचं हमाम दिसलं. तू सांगितलंस त्यात एक चूक आहे, गाडीतळावरून खाली नाही, आधी थोडं वर चढावं लागतं. बाकी सगळं बरोबर.

सालहा काकूने दार उघडलं आणि माझ्याकडे खालून वर बघितलं. "तू शिक्षिका बहीण," म्हणाली. विचारलं नाही, सांगितलंच. "तोंडवळा तोच. दातांवरचे डागही तेच, तुमच्या खाणीच्या पाण्याचे. उशीर केलास, बिंती, पोरी माझ्या. आज आठवा दिवस, गेला तो."

"कुठे?"

"जेरबाला. कुठलंसं हॉटेल हिवाळ्यात बंद असतं, तिथे राखणदार हवा होता. समुद्राचा वारा, ओल, आणि हा असा छातीचा. मी म्हटलं, मरायला जातोस का? तर म्हणाला, काकू, इथे राहून तुझं भाडं थकवण्यापेक्षा तिथे फुकट राहीन."

चहा पाजल्याशिवाय तिने खरंच सोडलं नाही. जिन्याखालची खोली दाखवली. तू भिंतीला चादरी ठोकल्या होत्यास, आवाज घुमू नये म्हणून. खिळे अजून आहेत.

"गल्लीतल्या पोरांना मी हाकलायची," ती सांगत होती. "अरे गप्प बसा, लझहर काका यंत्राशी बोलतायत! हमामवाल्याच्या हातापाया पडून पंपसुद्धा अर्धा तास बंद ठेवायला लावला एकदा. पण तिकडे कुणी हरामखोर बसला होता, त्याला म्हणे हमामचा पंप चालत नाही, ह्याचा खोकला चालत नाही. माणसाने खोकू पण नये? मी तर त्या मेल्याला रोज शिव्या घालायची. जळो त्याचा हात, म्हणायची."

मी चहाचा पेला खाली ठेवला.

"आणि तो काय म्हणायचा?" मी विचारलं.

"तुझा भाऊ? तो काय, हसायचा. म्हणायचा, राहू दे काकू, त्याच्याही डोक्यावर कुणीतरी बसला असेल. त्याचंही पोट आहे."

रीम माहेरी गेली रहमाला घेऊन, दोन वर्षं झाली, हेही काकूनेच सांगितलं. तू तिला दर महिन्याला काहीतरी पाठवायचास, त्या आवाजाच्या पैशांतून. डिसेंबरमध्ये पाठवता आलं नाही, तेव्हा दोन दिवस खोलीबाहेर आला नाहीस.

मी काकूला खरं सांगायला तोंड उघडलं होतं. तिने माझ्या हातात गरम पाव ठेवला आणि म्हणाली, "खा, बिंती. बहीण म्हणून एवढ्या लांब आलीस, हेच पुष्कळ." मी खाल्ला. सांगितलं नाही.

घरी आल्यावर आईने विचारलं, "भेटला?"

"कामासाठी जेरबाला गेला आहे."

"काम आहे ना पण?"

"आहे."

"मग झालं," म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.


मतलवी, १८ फेब्रुवारी

लझहर,

हे पत्र मात्र टपालात पडणार आहे. खणातली आधीची पाचही सोबत घालते आहे, आणि परत आलेलं पाकीटही. तारखेप्रमाणे वाच. रागावलास तर मध्येच थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

शुक्रवारी तुझा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदाच उठून गेले नाही. तुला माहीत नव्हतं, मी आईच्या शेजारीच बसले होते आणि आवाज मोठा होता.

तू म्हणालास, "आई, नवीन नोकरी लागली. हॉटेलात. मॅनेजर."

आई म्हणाली, "माशाल्ला! साहेबाचा मोठा साहेब झालास की. नाव काय हॉटेलचं? शेजारणींना सांगायला हवं ना."

तू नाव सांगितलंस. मी ते मसुराच्या पुडीवर लिहून घेतलं.

"खोली आहे का चांगली?"

"समुद्रासमोर, आई. ऐंशी खोल्या आहेत. पाहिजे तिथे झोपतो."

"गरम पांघरूण?"

"ऐंशी पांघरुणं आहेत, आई!" तू हसलास, आणि मग तुला बराच वेळ बोलता आलं नाही. आई थांबली. तुझा खोकला संपेपर्यंत ती फोनवरून हात फिरवत होती, पाठीवरून फिरवतात तसा.

मग तू विचारलंस, "नझीहा बरी आहे? शाळा?"

आईने माझ्याकडे तोंड वळवलं. "बरी आहे. तिसरीचा वर्ग आहे. पोरं फार त्रास देतात, घसा बसतो बिचारीचा."

माझं काम गेलेलं मी तिला कधी सांगितलं नव्हतं, लझहर. सप्टेंबरपासून मी रोज सकाळी कोट घालते आणि ती मला विचारते, आज काय शिकवणार. मोबाईलवरचं काम म्हणजे शाळेचाच भाग, असं मी तिला पटवलं होतं. मला वाटायचं, पटलं आहे.

तू फोन ठेवलास. आई म्हणाली, "तो खोटं बोलला. मीही खोटं बोलले. आता खरं तू लिही. तुला लिहिता येतं."

म्हणून खरं लिहिते.

खणातल्या पत्रांत बाकी सगळं आहे, पण एक गोष्ट त्यांतही नाही. तिथे कुणी वाचणार नव्हतं, तरी मला लिहिता आली नाही. आईने तुला सतरा डिसेंबरला ओळखलं. मी त्याच्या चार दिवस आधी.

नक्की ओळखलं असं नाही. 'घरी' हा शब्द होता एका वाक्यात. तू तो बाबांसारखा ओढून म्हणतोस. बोट थांबलं. मनात म्हटलं, हा तर... आणि पुढचं मनात येऊ दिलं नाही. लाल दाबलं. त्या चार दिवसांत मी तुझी किती वाक्यं नाकारली ते मला माहीत आहे, आणि त्यातली काही मी पुरती ऐकलीसुद्धा नाहीत. काहींच्या मागे पंप नव्हता. काहींत तू खोकलाही नव्हतास. एक वाक्य इतकं स्वच्छ होतं की मुलांना ऐकवावं. तेही परत केलं. मला बरं वाटत होतं, लझहर. तीन वर्षं साठलेलं होतं, आणि आता तू विचारत होतास आणि मी नाही म्हणत होते. तू पुन्हा विचारायचास, पुन्हा नाही. बाबांना दाराकडे बघत बसावं लागलं, तसं तुलाही बसावं लागतंय, असं वाटायचं. तू उपाशी असशील हे डोक्यात आलं नाही. आलं असतं तर थांबले असते का? अजून रोज विचारते स्वतःला. उत्तर चांगलं येत नाही.

सालहा काकू ज्याला शिव्या घालायची तो हात माझा आहे. तू ज्याची बाजू घेतलीस तीही मीच. नियमांमुळे, ताऱ्यामुळे, हे सगळं म्हणता येईल, आणि सुरुवातीला तेच होतं. शेवटचे चार दिवस नव्हतं.

त्या मार्चमध्ये तुला जे बोलले ते मागे घेते. टपरीमागे उभा होतास हे माहीत असतं तर मी स्वतः गफसाला येऊन तुला हाताला धरून आणलं असतं, असं लिहावंसं वाटतं. पण तेव्हा मी खरंच काय केलं असतं, देव जाणे.

मी क्षमा मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, राहू दे म्हणशील, तिचंही पोट आहे म्हणशील. ते मला ऐकवणार नाही.

आता कामाचं. हयातच्या दिराची गाडी पुढच्या गुरुवारी जेरबाला मासे आणायला जाते. रिकामी जाते, दोघींना नेतो म्हणाला. हे पत्र तुला त्याआधी मिळायला हवं. आईने कालपासून बांधाबांध केली आहे. तुझं लोकरी जाकीट, बाबांचं काळं पांघरूण, सातूचं पीठ तेलात मळून, दोन डबे. मी म्हटलं, तो मॅनेजर आहे ना, ऐंशी पांघरुणं आहेत त्याच्याकडे. ती म्हणाली, "गप गं." तुझी छाती दाखवायला ती तुला आमच्याबरोबर परत आणणार आहे, तुला विचारणार नाही. तिला जिना चढवत नाही, एवढं बघ.

संध्याकाळी पाचच्या सुमारास पोहोचू. मालक कुणाला आत घेऊ देत नसेल, किंवा तुलाच मला बघायचं नसेल, तर मी समुद्राकडे बाकं असतील तिथे बसेन. मला सवय आहे, काही हरकत नाही. तू फक्त फाटकाशी ये आणि आईला आत घे.

नझीहा